मागच्या खडखडीचा इतिहास

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा महामार्ग सुरत शहरात शिरत नाही. शहर डाव्या हाताला ठेवून तो कामरेजच्या चार रस्त्याला येतो आणि थोड्याच अंतरावर तापी ओलांडतो. हिऱ्यांना पैलू पाडणारी सौराष्ट्रातली कुटुंबे वराछा-कामरेजच्या पट्ट्यातून दिवाळीला गावी निघतात ती याच बाजूने. दक्षिणेला कडोदऱ्यापाशी धुळे, नवापूर, व्यारा, बारडोली असा येणारा रस्ता याच महामार्गाला छेदतो आणि त्या दिशेने खानदेशातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या सुरतेच्या यंत्रमागांवर कामाला येत आली आहेत. अशा लांबच्या प्रवासात मोटारीत निम्मी माणसे मागे, सामान डिकीत आणि उरलेले टपावर असते. जुन्या मोटारीचा मागचा आस हा सगळा भार वर्षानुवर्षे झेलतो आणि एक दिवस मागून खडखड सुरू होते. गेल्या पिढीपर्यंत ही खडखड पुष्कळदा घराच्या दारातच, मालकाच्या नाहीतर ओळखीच्या मिस्त्रीच्या हाताने दूर व्हायची. त्या सवयीकडे आज कुणी टंचाईच्या काळातली लाचारी म्हणून पाहतो, तर कुणी जुगाड म्हणून तिचे कौतुक करतो. मला दोन्ही अपुरे वाटतात. ती दुरुस्ती घरी होऊ शकली, कारण मोटारीच्या मागच्या भागाची रचना आपल्या लोहाराला आधीपासून कळत होती. ही रचना आणि ते ज्ञान एकमेकांना कसे भेटले आणि पुढे कसे दुरावले, हे नीट पाहिले तर आज जुन्या गाड्यांबद्दल घेतले जाणारे निर्णयही जास्त शहाणपणाने घेता येतील.

सुरत म्हटले की मराठी वाचकाला १६६४ आणि १६७० ही साले आठवतात. कामरेजचा मराठी इतिहास त्यानंतरचा, गायकवाडांचा आहे. पिलाजीराव गायकवाडांनी तापीच्याच खोऱ्यात वर सोनगडला ठाणे दिले आणि तिथून त्यांची सत्ता गुजरातेत पसरली. कामरेज पुढे बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात राहिले. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० पर्यंत कामरेज आणि ज्याच्या मोटार कारखान्याची गोष्ट पुढे येते ते मुंबईचे कुर्ला एकाच राज्यात होते. पण या गावाची वाहतूक याहून कितीतरी जुनी आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचच्या आखाताजवळ कम्मोनी नावाच्या गावाचा उल्लेख येतो. ते कामरेजच असावे असे अनेक अभ्यासक मानतात, आणि २००३ साली इथे झालेल्या उत्खननाने नदीकाठच्या प्राचीन बंदरवस्तीला आधार दिला. बंदर म्हटले की माल होडीतून काठावर आणि काठावरून गाडीत, हे आलेच. पुढे १८६०च्या दशकात रेल्वे आली, पण ती सुरत शहरातून गेली. तिच्या वाटेपासून बाजूला पडलेल्या गावांचा भरवसा बैलगाडीवरच राहिला. विसाव्या शतकात मोटार आणि महामार्ग आले, तेव्हा कामरेज पुन्हा वाटेवर आले. मोटारीच्या आधीचे वाहन इथे लांबचे आणि विसरलेले नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ज्या गावात बैलगाडीची चाके अजून भरली जात होती, त्याच गावाच्या वेशीवर ट्रक उभे राहू लागले.

बैलगाडीला स्प्रिंग नसते. धक्का आसातून साटीवर आणि साटीतून माणसाच्या मणक्यात जातो. तरी तिची देखभाल हे मुरलेले कसब होते. सुतार आरे आणि पुठ्ठे जुळवी. लोहार लोखंडी धाव लालबुंद तापवून लाकडी चाकावर चढवी आणि लगेच पाणी ओती. आकसलेली धाव सगळे सांधे आवळून धरी. तुंब्याच्या आत बसवलेली लोखंडी नळी झिजली की चाक आसावर हलू लागे आणि गाडी वाजे. वंगणाने तो आवाज काही दिवस दबे, पण नळी बदलल्याशिवाय जात नसे. आवाजावरून झीज ओळखायची, झीज कुठल्या सांध्यात आहे ते हलवून पाहायचे, आणि सगळी गाडी न मोडता तेवढाच तुकडा बदलायचा: ही पद्धत मोटारीच्या कितीतरी आधी इथे रुळलेली होती. टांगा आणि व्हिक्टोरिया यांनी तीत पोलादी पाट्यांची भर घातली. एकावर एक रचलेल्या पाट्यांची स्प्रिंग घोडागाडीला बसवण्याची जी सुधारित तऱ्हा जगभर पसरली, तिचे पेटंट लंडनच्या ओबडाया एलियट यांनी १८०४ साली घेतले. ही स्प्रिंग अनेक सुट्या पट्ट्यांची असल्याने एक पट्टी तुटली तर तेवढीच काढून दुसरी घडवता येते. लोहाराला ओळखीच्या ऐरणीवर, ओळखीच्या आगीत करता येण्याजोगे हे काम होते. मोटार आली तेव्हा तिच्या इंजिनात त्याला काही कळत नव्हते, पण तिच्या मागच्या चाकांवर त्याला टांग्याचेच पाटे दिसले.

भारतात ज्या मोटारी दीर्घकाळ चालल्या, त्यांनी हे नाते टिकवून धरले. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याचा कारखाना उभा राहिला. त्याच सुमारास गुजरातच्या किनाऱ्यावर ओखा बंदरात हिंदुस्तान मोटर्सची जुळणी सुरू झाली होती. ती पुढे बंगालमध्ये उत्तरपाड्याला गेली. १९५३ नंतर सरकारने धोरण ठरवले की नुसती जुळणी करणाऱ्यांनी जावे आणि सुटे भाग इथेच घडवणाऱ्यांनी राहावे. परदेशी कंपन्या निघून गेल्या आणि रस्त्यावर मुख्यतः दोन कुटुंबे उरली: कुर्ल्याची फियाट ११००, जी १९७४ पासून पद्मिनी झाली, आणि उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसेडर. दोन्हींच्या पुढच्या चाकांची रचना वेगवेगळी होती. फियाटला गुंडाळीची स्प्रिंग, तर अ‍ॅम्बॅसेडरला पिळाची दांडी. मागे मात्र दोघींना एकच जुनी व्यवस्था: दोन चाकांना जोडणारा सलग आस आणि त्याखाली अर्धकमानीचे पाटे. त्याच पिढीतल्या ट्रकांनाही पाटेच असल्याने महामार्गावरच्या पाटेवाल्याला बारमाही काम मिळे आणि त्याची भट्टी मोटारीच्याही कामी येई. पद्मिनी शतकाच्या अखेरपर्यंत निघत राहिली, अ‍ॅम्बॅसेडर २०१४ पर्यंत. चार-पाच दशके मूळ रचना जवळपास तीच राहिल्यामुळे एका पिढीचे शिकलेले दुसरीला उपयोगी पडले. मुंबईच्या टॅक्सीचालकापासून सुरतेच्या कापड दलालापर्यंत सगळ्यांची गाडी आतून तीच असल्याने एकाने काढलेला तोडगा दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडे.

ही दुरुस्ती जवळून पाहिली तर तिच्यातला विचार कळतो. पहिले काम डिकी रिकामी करण्याचे. सैल जॅक, पान्ह्यांची पिशवी आणि नीट न आवळलेली स्टेपनी हे खडखडीचे सगळ्यात स्वस्त कारण. ते आधी बाद करायचे. त्यानंतर सायलेन्सर हाताने हलवून त्याचे टांगणीचे रबर पाहायचे. मग आवाजाची जात ठरवायची. बारीक खडीवरून जाताना भराभर टकटक वाजत असेल तर संशय शॉकअपच्या वरच्या-खालच्या बुशांवर. चाक खड्ड्यात आपटल्यावर एकच जड ठोका बसत असेल तर पाट्याच्या मागच्या टोकाच्या शॅकलचा बुश झिजलेला. गाडी सुटताना किंवा ब्रेक लावताना धप्प आवाज येत असेल तर आसाला पाट्यांशी बांधणारे यू-बोल्ट सैल झालेले, नाहीतर पाट्याच्या पुढच्या डोळ्यातला बुश गेलेला. नुसती करकर असेल तर पाटे कोरडे पडलेले. आणि गाडी एका बाजूने बसली असेल तर पाटा तुटलेला. एवढे तर्क झाल्यावर पुढच्या चाकांना दगड लावून मागची बाजू उचलायची, बॉडीखाली भक्कम ठोकळे द्यायचे आणि पाट्यांवरचा भार काढून शॅकलच्या सांध्यात पहारेचे टोक घालून हलवायचे. झिजलेला बुश तिथेच दिसतो. शॉकअपचे खालचे टोक सोडवून हाताने ओढून-दाबून पाहिले की त्याचा जोर उरला आहे की नाही तेही कळते. नवा रबरी बुश घातल्यावर बोल्ट हाताने बसवून ठेवायचा; गाडी खाली उतरवून, चाकांवर पूर्ण भार आल्यावरच तो शेवटचा आवळायचा. लटकत्या पाट्यावर आवळलेला बुश भार आल्यावर पिळला जातो आणि लवकरच फाटतो. यू-बोल्ट थोडे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा आवळायचे. यातल्या एकाही पायरीला महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो क्रम: स्वस्त कारण आधी, महाग कारण शेवटी, आणि कारण कळल्याशिवाय भाग बदलायचा नाही.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की हे सगळे टंचाईने करायला लावले. गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसायचे, मग जुनी गाडी सांभाळण्यावाचून गत्यंतर काय? टंचाई खरी होती. सरकारी नियंत्रण, मोजके उत्पादन आणि लांबलचक प्रतीक्षायादी यांमुळे मोटार ही दोन पिढ्यांची मत्ता झाली होती. पण टंचाईने फार तर माणसाने प्रयत्न का केला हे कळते. तो प्रयत्न यशस्वी का झाला हे कळत नाही. टंचाई तर गाडीच्या प्रत्येक भागाला सारखीच होती. तोच मालक, तीच गाडी, तोच अपुरा पैसा. तरी गिअरबॉक्स किंवा डिफरन्शिअल कुणी अंगणात उघडून बसत नसे. त्यासाठी गाडी गॅरेजलाच जाई. बंद नळीचा शॉकअप गळू लागला की तो कितीही महाग असला तरी बदलावाच लागे. सुरुवातीच्या अ‍ॅम्बॅसेडरला मात्र हाताच्या दांडीचे शॉकअप होते. त्यांचे बूच उघडून तेल भरता येई, म्हणून ते घरीच सांभाळले जात. एकाच टंचाईत एक भाग घरी दुरुस्त होतो आणि दुसरा होत नाही, यावरून निर्णायक गोष्ट रचना होती हे उघड होते. जो भाग सुटा होता, डोळ्यांना दिसत होता आणि ज्याची झीज हाताला कळत होती, तोच माणसांनी आपलासा केला.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. घरच्या दुरुस्तीने माणसे जायबंदी झाली, काही दगावलीही. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे हा शुद्ध अविचार आहे. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग मारणे त्याहून फसवे. स्प्रिंगच्या पोलादाची लवचीकता त्याला दिलेल्या आचेतून आणि पाण्यातून येते. वेल्डिंगच्या झोताने ती तेवढ्याच जागी मरते आणि पाटा पुन्हा तिथेच, बहुधा भरधाव वेगात तुटतो. बसलेले पाटे तापवून वाकवणे आणि नंतर पुरते पाणी न देणे ही चूक रस्त्याकडेच्या भट्ट्यांवरही होत आली आहे. पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट तुटला असताना गाडी तशीच चालवली तर आस जागेवरून सरकतो आणि गाडी तिरकी चालू लागते. हे सगळे मान्य केलेच पाहिजे. पण यातून घरच्या दुरुस्तीचा निषेध निघत नाही. तिची मर्यादा निघते. निदान, बुश, नट-बोल्ट आणि वंगण घरचे; आच आणि पाणी जाणत्या पाटेवाल्याचे; तुटलेला मुख्य पाटा बदलायचा, जोडायचा नाही. जुन्या जाणकारांना ही सीमा ठाऊक होती. ती ठाऊक नसणाऱ्यांनी केलेल्या अपघातांचे उत्तर ज्ञान वाढवण्यात आहे.

इथे बडोदे संस्थानाचा एक धडा आठवला पाहिजे, कारण कामरेज त्याच संस्थानाचे गाव होते. १८९० साली सयाजीराव महाराजांनी बडोद्यात कलाभवन उभारले. त्याची धुरा ज्यांनी वाहिली ते त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर मूळचे सुरतेचे, सुतारकाम करणाऱ्या समाजातले. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम यांचे शिक्षण देशी भाषेतून द्यावे आणि हाताच्या कामाला शास्त्राची जोड मिळावी, हा त्यामागचा विचार होता. दादासाहेब फाळके याच संस्थेत शिकले. म्हणजे हाताचे कौशल्य हे शिकवण्याजोगे, लिहून ठेवण्याजोगे, पुढे नेण्याजोगे ज्ञान आहे, हे या प्रदेशाच्या राज्यकर्त्याने मोटारयुगाच्या आधीच ओळखले होते. स्वातंत्र्यानंतर वाहनदुरुस्ती वाढली ती बहुतांशी या विचाराच्या बाहेर. पाटेवाल्याचे आणि मिस्त्रीचे ज्ञान तोंडी राहिले; ते गॅरेजमधल्या पोऱ्यांनी कोवळ्या वयात, पगाराशिवाय किंवा तुटपुंज्या पगारावर, शिव्या खात उचलले. कोणत्या आचेवर पाटा काढायचा हे ज्याला डोळ्यांनी कळत होते, त्याच्याकडे ते नोंदवून घ्यायला कुणी गेले नाही. घरच्या दुरुस्तीचा गौरव करताना तिच्या मागे उभ्या असलेल्या या मुलांच्या बालपणाचा हिशेब विसरता येणार नाही. ज्ञान होते, त्याला प्रतिष्ठा आणि दाम मिळाला नाही. त्या व्यवस्थेचा खरा दोष तोच.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिच्या पहिल्या आवृत्तीलाही मागे पाटेच होते, पण १९८६ च्या नव्या मॉडेलने पाटे सोडून गुंडाळीची स्प्रिंग घेतली. पुढच्या काळात सर्वसाधारण मोटारींनी तीच वाट धरली. गाडी हलकी झाली, बसायला मऊ झाली, खड्ड्यातला धक्का कमी झाला; यात प्रवाशांचा फायदाच होता. रस्तेही बदलले. सुवर्ण चतुष्कोन योजनेत मुंबई-अहमदाबाद महामार्ग रुंद झाला आणि कामरेजवरून जाणाऱ्या मोटारीला पूर्वीइतके हादरे बसेनासे झाले. तेव्हा कुणी म्हणेल की आता या जुन्या कसबाचे प्रयोजन संपले. प्रयोजनाचे स्वरूप बदलले, एवढेच खरे. पाटे गेले तरी रबरी बुश राहिले, शॉकअपच्या बैठका राहिल्या, आसाला जागेवर धरणाऱ्या दांड्या राहिल्या, आणि खडखड आजही बहुधा याच जागांतून येते. निदानाचा क्रम तोच लागतो. धोका मात्र वाढला आहे: दाबलेली गुंडाळी योग्य साधनाशिवाय सोडली तर जीव घेऊ शकते, म्हणून घरच्या कामाची सीमा अलीकडे आली. त्यापेक्षा मोठा बदल बाजाराचा आहे. काही रुपयांचा बुश सुटा न मिळता अख्ख्या दांडीसह विकला जाऊ लागला की मालकाने कारण ओळखले तरी त्याला तेवढेच बदलता येत नाही. ज्ञान असून हात बांधले जातात, ते इथे.

आज जुन्या गाड्यांचे भवितव्य नियमांनी ठरते आहे. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढते. २०२१ साली गुजरातमधल्याच कार्यक्रमात जाहीर झालेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणाने २० वर्षांनंतरच्या खाजगी गाड्यांसाठी स्वयंचलित केंद्रावरची तपासणी पुढे आणली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेने थांबली. धूर ओकणारी, ब्रेक न लागणारी गाडी रस्त्यावर नको, याबद्दल दुमत नाही. पण वय आणि अवस्था या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पाट्यांच्या गाडीचा सगळा इतिहास हेच सांगतो: ज्या वाहनाचा प्रत्येक झिजणारा तुकडा वेगळा बदलता येतो, त्याचे वय त्याच्या नोंदणीपुस्तकावरून कळत नाही, त्याच्या सांध्यांवरून कळते. म्हणून तपासणीने सांधे पाहावेत आणि नापास गाडीच्या मालकाला नेमका कोणता सांधा गेला ते लेखी सांगावे. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा तिच्या विषयांत मोटारीही घेतल्या. त्या हक्काला अर्थ यायचा असेल तर उत्पादकांनी बुशासारखे झिजणारे भाग सुटे विकले पाहिजेत, दुरुस्तीची पुस्तके मराठी-गुजरातीत उपलब्ध केली पाहिजेत, आणि आयटीआयच्या मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमात महामार्गावरच्या पाटेवाल्याला शिक्षक म्हणून मानाने, पगार देऊन बोलावले पाहिजे. कलाभवनाने १८९० मध्ये सुतार-लोहाराच्या कामासाठी जे केले, ते मोटारीच्या मागच्या आसासाठी करणे आज अवघड नाही. लोहाराच्या ऐरणीपासून मोटारीच्या पाट्यापर्यंत जे ज्ञान कुणाच्याही योजनेविना पोचले, ते पुढे न्यायला आता योजना लागेल. ती आखली नाही, तर दुरुस्त होऊ शकणाऱ्या गाड्या आपण निव्वळ कारण न शोधल्यामुळे भंगारात घालत राहू.